अक्षतांचे चौकोन

(दृश्य : व्हीसीआरच्या तोंडात काळी कॅसेट सरकते. खट्ट. आधी करड्या रेषा, मग थरथरत उभं राहणारं चित्र.)

मे १९९१, सांगली. माझ्या मावशीचं लग्न. मुहूर्त दुपारी बारा सत्तावीसचा. मंडपात उकाडा, आणि सगळ्यांच्या वाटेत खांद्यावर कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला. पुढची दहा-बारा वर्षं घरी पाहुणे आले की चहानंतर ही कॅसेट लागायची. मग व्हीसीआर बिघडला आणि २००३ साली घरातल्याच कुणीतरी हौसेनं तिची व्हीसीडी करून आणली.

(दृश्य : व्हीसीडीतलं चित्र. अंतरपाट. मंगलाष्टकाची शेवटची ओळ.)

हे त्या व्हीसीडीतलं चित्र. अंतरपाट धरलाय, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक अगदी ठसठशीत. 'सावधान' झालं, अंतरपाट बाजूला गेला, वाजंत्री सुरू, अक्षता पडल्या. आणि मावशीचा चेहराच नाही. तिथे नुसते चौकोन. करडे, पिवळे, गुलाबी. दोन सेकंदांनी चेहरा परत येतो, तोवर हार वर उचललेला.

तीन तासांच्या लग्नात नेमका हाच क्षण कसा बिघडला? आम्ही वीस वर्षं कॅसेटला नावं ठेवली. जुनी झाली, बुरशी धरली म्हणालो. कॅसेटचा काही दोष नव्हता.

(दृश्य : छोटं दुकान. झाकण काढलेला व्हीसीआर. आत तिरका बसवलेला चकचकीत ड्रम.)

कॅसेट ट्रान्सफर करून देणारी दुकानं आता शोधावी लागतात. हे एक सापडलं. काकांनी आधी झाकण काढलं, स्पिरिटनं हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारे बारीक भाग, पुसले, मग बोटानं ड्रम फिरवून दाखवला.

"यात दोन हेड आहेत बघ. ड्रम सेकंदाला पंचवीस फेऱ्या मारतो. एका फेरीत एक चित्र. अर्धं या हेडचं, अर्धं त्या हेडचं."

"पंचवीसच का, काका?"

त्यांनी भिंतीवरच्या प्लगकडे बोट दाखवलं.

(दृश्य : प्लग. ट्यूबलाइट. विजेच्या तारा.)

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, अमेरिकेतली ६०. टीव्ही नवा होता तेव्हा चित्राचा ठेका विजेच्या ठेक्याशी जुळला नाही, तर पडद्यावर काळसर पट्टे सरकत राहायचे. म्हणून युरोपनं आणि पुढे आपणही सेकंदाला ५० धरले. पण ५० अख्खी चित्रं हवेतून पाठवायला जागा पुरेना. मग युक्ती केली : आधी विषम ओळी पाठवायच्या, मग सम. डोळा दोन्ही जोडून घेतो. ५० निम्मी, म्हणजे २५ पूर्ण. या निम्म्या चित्राला धंद्यात फील्ड म्हणतात.

१५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनवर रंग आले, ते पाल नावाच्या पद्धतीनं. ६२५ ओळी, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या. अमेरिकेची एनटीएससी वेगळी : ५२५ ओळी आणि सेकंदाला ३० चित्रं. खरं तर तीसही नाहीत. १९५३ मध्ये त्यांनी जुन्या कृष्णधवल संचांना चालेल असा रंग आणला, तेव्हा रंगाची लहर आवाजाच्या लहरीला त्रास देऊ लागली. तोडगा म्हणून चित्रांचा वेग हजारात एक भागानं कमी केला. तेव्हापासून तिथे २९.९७. आकडा किरकोळ वाटतो, पण तासाला साडेतीन सेकंदांहून जास्त फरक पडतो आणि आजही एडिटिंगला बसलेला माणूस त्यावरून कपाळाला हात लावतो.

(दृश्य : एअरमेलचं पाकीट. टीव्हीवर गडगडणारं, रंग उडालेलं चित्र.)

याच लग्नाच्या कॅसेटची एक कॉपी न्यू जर्सीला मामाकडे गेली होती. तिथे ती लावली तर चित्र वरून खाली गडगडायला लागलं. मामानं पत्रात लिहिलं, 'लग्न ऐकलं. बघायचं राहिलं.'

विजेचा हा ठेका आपल्या खिशातही आहे. फोनवर ट्यूबलाइटखाली शूटिंग केलं की कधी कधी उजेडाचे पट्टे सरकताना दिसतात. फोन बहुतेकदा सेकंदाला ३० चित्रं टिपतो, आपली ट्यूब १०० वेळा लुकलुकते. फोनमध्ये सोय असेल तर शटर एकपन्नासांशवर ठेवा, पट्टे जातात.

आणखी एक गंमत. सिनेमा चालतो सेकंदाला २४ चित्रांनी. पाल देशांत टीव्हीवर दाखवताना तो सरळ २५ नं पळवायची रीत होती. दोन तासांचा चित्रपट पाच मिनिटं आधीच संपायचा आणि आवाज चढायचा, अर्ध्या सुराहून जरा कमी. आमचे आजोबा टीव्हीवरच्या गाण्याबरोबर पेटी वाजवायला बसायचे आणि वैतागून उठायचे. पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या दारात जाऊन अडकलेलं. ना इकडचं, ना तिकडचं. आजोबांना वाटायचं पेटी उतरली.

(दृश्य : काकांचा संगणक. कॅप्चर सुरू. चित्राच्या तळाशी फरफटलेली बारीक पट्टी.)

ही खालची पट्टी पाहिलीत? एका हेडनं काम सोडून दुसऱ्यानं उचलतानाची ती खूण. कॅसेटवर ती पहिल्यापासून आहे. जुन्या टीव्हीची चौकट चित्राच्या कडा झाकायची, म्हणून कधी दिसली नाही. संगणक काहीच झाकत नाही.

आता हिशोब. या चित्राचे ठिपके करायचे, आडवे ७२०, उभे ५७६. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला २५ चित्रं. सेकंदाला जवळपास २१ एमबी, तासाला ७५ जीबी. तीन तासांचं लग्न सव्वादोनशे जीबी. व्हीसीडीत चित्रासाठी वाट किती? सेकंदाला साधारण ११५० किलोबिट. म्हणजे १४४ भागांतला १ ठेवायचा, १४३ टाकून द्यायचे, आणि बघणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

(दृश्य : मावशीचा चेहरा, झूम. कपाळावरचं कुंकू जरा सरकल्यासारखं.)

पहिली कात्री रंगाला. माणसाचा डोळा उजेड-अंधार बारीक पाहतो, रंग ढोबळ. म्हणून चार ठिपक्यांचा उजेड वेगवेगळा लिहायचा, रंग मात्र चौघांत मिळून एकच. आकडेवाले याला ४:२:० म्हणतात. व्हीएचएसनं, म्हणजे आमच्या कॅसेटच्या पद्धतीनं, तर रंगाला मुळातच फार थोडी जागा दिली होती, त्यामुळे त्या काळच्या सगळ्या नवऱ्यामुलींचं कुंकू कडेनं पसरलेलं दिसतं. ते पुसलं गेलेलं नाही. टेपला तेवढंच जमत होतं.

दुसरी युक्ती जास्त सुंदर आहे, आणि ती शोधणारा माणूस मूळचा बंगळूरचा. नासिर अहमद. १९७२ मध्ये अमेरिकेत त्यांनी एक कल्पना मांडून तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेकडे अनुदान मागितलं. नकार आला. तरी काम सोडलं नाही. १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह निबंध छापला. आज आपण पाहतो तो जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ आणि फोनमधला प्रत्येक जेपेग फोटो त्या कल्पनेवर किंवा तिच्या भावंडांवर चालतो.

(दृश्य : उंबऱ्याशी रांगोळी. आठ ठिपके, आठ ओळी.)

आठ ठिपके, आठ ओळी. चित्राचा एवढा तुकडा घ्यायचा. चौसष्ट ठिपक्यांचे चौसष्ट आकडे लिहीत बसायचं नाही. त्याऐवजी सांगायचं, की यात कोणती नक्षी किती आहे. पहिली नक्षी म्हणजे नुसता सपाट रंग. मग रुंद पट्टे, मग अरुंद, शेवटी अगदी बारीक बारीक. बहुतेक तुकड्यांत सपाट आणि रुंद नक्षीच भरलेली असते. बारीक नक्षी सोडून दिली तरी डोळा कुरकुर करत नाही. जागा कमी पडली की आणखी सोडायची. फारच कमी पडली, तर उरते ती पहिली. सपाट रंगाचा चौकोन.

आमच्या व्हीसीडीतले चौकोन ते हेच.

(दृश्य : अंतरपाट. चित्र थांबलेलं.)

पण अंतरपाट तर स्वच्छ होता. तो का बिघडला नाही? कारण तिसरी युक्ती. काही काही वेळानं एक चित्र संपूर्ण लिहायचं, मधल्या चित्रांत फक्त काय बदललं आणि काय कुठे सरकलं तेवढं. दोघांनी ताणून धरलेलं पांढरं कापड. मंगलाष्टकं पाच मिनिटं चालोत की पंधरा, कापड तेच. कॉम्प्रेशनला, म्हणजे चित्र दाबून थोड्या जागेत बसवण्याला, याहून सुखाचं काही नाही. 'मागचंच पुढे' एवढं लिहून मोकळं.

आणि पुढच्या क्षणी शेकडो दाणे. प्रत्येक वेगळ्या दिशेनं, वेगळ्या वेगानं, कुणी मावशीच्या मुंडावळीवर आपटून उडतोय, कुणी फोटोग्राफरच्या मानेत. मागच्या चित्रावरून पुढचं ओळखताच येत नाही. सगळं नव्यानं लिहायला हवं, आणि वाट तर तेवढीच, ११५० किलोबिट. त्यात टेपचा स्वतःचा मुंग्या-मुंग्यांचा गोंगाट. तोही यंत्राला बदल वाटतो, तोही लिहायचा. मग चेहऱ्याच्या वाट्याला सपाट चौकोन.

काकांनी हे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "लग्नाच्या धंद्यात आम्हाला हे पाठ होतं. पाऊस, पाण्याचे तुषार, अक्षता. या तिघांना जास्त जागा द्यायची."

ती व्हीसीडी करणाऱ्यानं दिली नव्हती. त्यालाही फार देता आली नसती म्हणा; व्हीसीडीचा नियमच बांधलेला. शिवाय व्हीसीडीत ५७६ ओळींच्या २८८ होतात, म्हणजे दोनातलं एक फील्ड बहुधा तिथेच गेलं. त्याच २००३ साली एच.२६४ हे चित्र दाबून भरण्याचं नवं मानक मंजूर झालं. निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवणारं. आमची घाई थोडी नडली.

(दृश्य : स्वयंपाकघरातली फळी. डब्यांची रांग. एका डब्यावर चिठ्ठी : 'साखर'. झाकण उघडतं. आत रवा.)

दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणतो, "एमपी फोरमध्ये द्या." एमपी फोर हा डबा आहे. एव्हीआय, एमओव्ही, एमकेव्ही हेही डबेच. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून भरलंय, ते कोडेक ठरवतो. एच.२६४ असेल, एच.२६५ असेल, एव्ही१ असेल. फाइलच्या नावात एव्हीआय खोडून एमपी फोर लिहिणं म्हणजे चिठ्ठी बदलणं. रव्याची साखर होत नाही. आणि फोन 'फाइल चालत नाही' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा डबा ओळखीचा असतो, आतला जिन्नस नसतो.

(दृश्य : पडद्यावर थांबलेलं चित्र. हाताच्या कडेला फणीसारखे दाते.)

आता नवं कॅप्चर. आधी दाब कमी ठेवून उतरवलं, तासाला १३ जीबी. हा पाया. यात प्रत्येक चित्र स्वतंत्र आहे, मागच्या-पुढच्याच्या भरवशावर नाही. थांबवलं तर उडणाऱ्या हाताला फणीचे दाते दिसतात : विषम ओळींत हात वर, सम ओळींत जरा खाली. मधे एकपन्नासांश सेकंद गेलेला. घाईत असलेलं दुकान एक फील्ड टाकून देतं आणि दाते घालवतं. काकांनी दोन्ही ठेवली, दोघांची दोन वेगळी चित्रं केली. सेकंदाला ५० चित्रांची फाइल झाली, एच.२६४ मध्ये, अक्षतांच्या मिनिटाला सढळ जागा देऊन.

(दृश्य : नवी फाइल. अंतरपाट बाजूला जातो. अक्षता. चेहरा.)

मावशी डोळे मिटून आहे. अक्षता डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून. वीस वर्षांत हे कुणी पाहिलंच नव्हतं. तिनंही नाही.

(दृश्य : काका कॅसेट पूर्ण गुंडाळून बाहेर काढतात, कव्हरात घालतात.)

"ही टाकून देऊ का आता?" मी विचारलं.

"अजिबात नाही. फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेव. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं जपून ठेवू नकोस, तिथे ते पुन्हा दाबलं जातं. आणि ही कपाटात. ओल नको. आणि हो, आडवी नाही. उभी ठेव, पुस्तकासारखी."