लाल डोळ्यांचं गणित

[पडदा काळा. क्षणभर फ्लॅशचा झगझगाट. मग फोटो उमटतो: आजोबा, त्यांच्या मांडीवर नात.]

फोटो वीसेक वर्षांपूर्वीचा. रात्रीची वेळ, खोलीत एकच दिवा, आणि मुठीत मावेल एवढा डिजिटल कॅमेरा. नात हसतेय. आजोबाही हसतायत, पण ते जरा उशिरा लक्षात येतं. आधी दिसतात ते चार लाल ठिपके.

[फोटो जवळून. आधी नातीचे डोळे, मग आजोबांचे.]

नातीचे ठिपके मोठे आणि भडक आहेत. आजोबांचे बारीक, थोडे विझलेले. एकच फ्लॅश, एकच क्षण, मग हा फरक का?

[डोळ्याचा अगदी जवळून घेतलेला शॉट. टॉर्चचा उजेड पडतो, बाहुली आक्रसते.]

ही बाहुली. काळी दिसते, पण खरं तर ते एक भोक आहे. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढलं की अंधारातही ती पूर्वीइतकी उघडत नाही. आजोबांचे ठिपके बारीक आहेत ते यामुळे.

आता हाच शॉट सावकाश पाहू.

[तोच शॉट, स्लो मोशनमध्ये.]

उजेड पडला. अजून काही नाही. अजूनही नाही. आता बाहुली हलली. मधे सेकंदाचा जवळजवळ पाचवा भाग गेला. फ्लॅशचा लखलखाट मात्र सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागातच आटोपतो. डोळ्याला खबर लागते तोवर तो येऊन गेलेला असतो. बाहुली सताड उघडी असताना प्रकाश आत शिरतो, डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत जातो, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचा रंग घेतो आणि आला त्याच वाटेने परत फिरतो.

[टेबलावर जुना कॅमेरा. बोट फ्लॅशवरून भिंगाकडे सरकतं.]

आणि त्या परतीच्या वाटेवर कॅमेऱ्याचं भिंग बसलेलं असतं. इथे फ्लॅश आणि भिंग यांच्यात दोन बोटांचंही अंतर नाही. कॅमेरे जितके लहान होत गेले, तितके डोळे लाल होत गेले. १९७०च्या दशकात काही पॉकेट कॅमेऱ्यांवर फ्लॅश उंच करायला प्लास्टिकचा दांडा मिळायचा. दिसायला विचित्र, पण उपाय अगदी योग्य: प्रकाशाची वाट भिंगापासून बाजूला काढायची. पुढच्या कॅमेऱ्यांनी दांडा काढून टाकला आणि आधी एक छोटा फ्लॅश मारून बाहुली आकसवायची युक्ती आणली. ती चालते. फक्त पहिल्याच फ्लॅशला लोकांना वाटतं फोटो निघाला, आणि खऱ्या फोटोत सगळे दुसरीकडे बघत असतात.

[संगणकाचा पडदा. फाइलची माहिती उघडली आहे.]

आपल्या फोटोत ती युक्ती वापरलेली नव्हती. फाइलच्या पोटात नोंदच आहे: फ्लॅश उडाला, लाल डोळे टाळण्याची सोय बंद.

[गिम्पची खिडकी उघडते. कोपऱ्यात गिम्पचं बोधचिन्ह, लांब नाकाचा विल्बर.]

हा गिम्प, संगणकावर फोटो दुरुस्त करायचा प्रोग्राम. १९९५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला. पुढच्याच वर्षी तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि आजही फुकट आहे. फुकट आहे हे बरंच, पण आम्हाला तो आवडतो तो वेगळ्या कारणाने. ते पुढे दिसेल.

[माऊसवरचा हात. पडद्यावर फोटो मोठा होतो.]

पहिलं काम, थराची प्रत. मूळ फोटो खाली, प्रत वर. जे करायचं ते प्रतीवर.

दुसरं काम, फोटो ४०० टक्के मोठा. एवढा मोठा केल्यावर चेहरा चेहरा राहत नाही, चौकोनांची, म्हणजे पिक्सेलची, फरशी होते. मग लंबवर्तुळाची निवड. नातीचा एक डोळा घेतला. शिफ्ट दाबून दुसरा जोडला. आजोबांचे दोन्ही जोडले. निवडीची कड एक-दोन पिक्सेल मऊ केली, नाहीतर डोळ्यावर काळं बटण शिवल्यासारखं दिसतं.

आता फिल्टर्स, त्यात एन्हान्स, त्यात रेड आय रिमूव्हल.

[एकाच पिक्सेलवर रंगनोंदीची खिडकी: लाल १९०, हिरवा ४०, निळा ४५.]

इथे थांबू, कारण ही जागा सहसा कोणी दाखवत नाही. हा एक पिक्सेल. लाल १९०, हिरवा ४०, निळा ४५. फिल्टर विचारतो, हिरव्या-निळ्याच्या मानाने लाल फारच चढलाय का? चढला असेल तर लाल आकडा पुसतो आणि हिरव्या-निळ्यावरून नवा बेततो. त्यात हिरव्याचं वजन जास्त, निळ्याचं अगदी थोडं. या पिक्सेलचा लाल ४७च्या आसपास येतो. ४७, ४०, ४५. जवळजवळ काळा.

[पडद्यावर फिल्टरचा उघडा कोड सरकतो.]

एवढंच गणित. ज्याला वाचायचं असेल त्याने वाचावं, पटलं नाही तर बदलावं. एका बटणाच्या आत काय चाललंय हे सांगणारी साधनं आपल्या हाताशी किती आहेत, हे एकदा मोजून पाहा.

[तोच फोटो, पण निवड न करता फिल्टर लावलेला. नातीचे ओठ राखाडी.]

आणि निवड का करायची, ते इथे दिसतं. फिल्टरला डोळा म्हणजे काय ते कळत नाही, त्याला फक्त लाल कळतो. ओठ लाल, म्हणून ओठही गेले. गिम्पच्या खिडकीतच सूचना असते की डोळे हाताने निवडलेत तर निकाल सुधारू शकेल. ती सूचना बहुतेकजण वाचत नाहीत. ज्यांनी मूळ फाइलवरच असं काही करून जतन केलं, त्यांच्याकडे तेवढाच फोटो उरला.

[निवडीसह फिल्टर. चारही डोळे काळे होतात. नातीच्या बाहुलीत पांढरा बिंदू.]

आता निवडीसकट. डोळे शांत झाले. बाहुलीतला तो पांढरा बिंदू शाबूत आहे का बघा. ती बुबुळावर पडलेली फ्लॅशची चमक. काही साधनं लालीबरोबर तीही खाऊन टाकतात, आणि माणूस काचेच्या डोळ्यांनी बघायला लागतो.

कागदावरून स्कॅन केलेल्या जुन्या फोटोत मात्र हा फिल्टर बऱ्याचदा हात टेकतो. तिथे लाल विटून नारिंगी-गुलाबी झालेला असतो, कसोटीला पुरत नाही. मग निवडलेल्या भागातला रंग उतरवायचा आणि कर्व्हज नावाचं साधन वापरून तो हाताने गडद करायचा. वेळ लागतो, पण जमतं.

[मांजर. फ्लॅश. तिचे डोळे हिरवे चमकतात.]

हिच्यापुढे तर फिल्टरचं काहीच चालत नाही. मांजरीच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, अंधारात दिसावं म्हणून. तिथून परतलेला प्रकाश हिरवा-पिवळा. फिल्टर शोधतो लाल. त्याला तो सापडत नाही, आणि मांजरीलाही त्याचं काही पडलेलं नाही.

[लहान मुलाच्या डोळ्यात डॉक्टर उपकरणाने बघतात.]

एक गोष्ट जाता जाता. लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोंमध्ये एक डोळा लाल आणि दुसरा पुन्हा पुन्हा पांढरा दिसत असेल, तर तो रंगवून झाकू नका. तो क्वचित डोळ्यातल्या गाठीचाही इशारा असू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

[पुन्हा संगणक. फोटोची कड कापली जाते, पिवळेपणा उतरतो.]

बाकीचं काम किरकोळ. उजवीकडचा रिकामा दरवाजा कापला. दिव्याचा पिवळा रंग लेव्हल्स या साधनाने थोडा उतरवला, पूर्ण नाही. खोली तशीच पिवळी होती.

[जतन करण्याची खिडकी.]

सेव्ह म्हटलं की गिम्प स्वतःच्याच एक्ससीएफ रूपात ठेवतो. जेपीईजी हवी तर एक्सपोर्ट म्हणावं लागतं. २०१२ पासून हे असंच आहे आणि लोक तेव्हापासून वैतागलेले आहेत. आम्हीही वैतागलो होतो. पण जेपीईजी प्रत्येक जतनाला थोडा तपशील गाळते, आणि एक्ससीएफमध्ये थर जसेच्या तसे राहतात. खालचा मूळ फोटो, त्या चार लाल ठिपक्यांसकट, अजून तिथेच आहे.

[निर्यात होते. फाइलला नवं नाव. प्रिंटरमधून कागद सरकू लागतो.]

नवं नाव दिलं. जुनी फाइल तिच्या जागी. छपाईला टाकला.

[निवेदन थांबतं. प्रिंटरचा आवाज. एक तरुण हात कागद उचलतो. फोटोतले आजोबा, जवळून. शॉट लांबवावा.]