आधी व्हॅक्यूमचा पाइप, मग ईजीआर

मंडळी, डिझेल इंजिनाला स्वतःचा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, नसतो, इथून सुरुवात करू. पेट्रोल गाडीत थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटला की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळ्यांत, आपोआप ओढ तयार होते. डिझेलमध्ये हवेची वाट मोकळी, त्यामुळे ती ओढ मिळत नाही आणि वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. काही गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो, काहींत कॅमशाफ्टच्या टोकाला. ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर याच पंपावर चालतो. जिथे ईजीआर (थोडा धूर परत सिलिंडरकडे वळवणारी व्यवस्था) आणि टर्बो (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारा) हेही व्हॅक्यूमवर आहेत, तिथे ते दोघेही याच्याच जिवावर.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक सात आसनी गाडी आली. खंबाटकी घाटात दम टाकायची, चेक लाइट लागलेला. स्कॅनरवर पी ०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. मालकाने दुसरीकडे ईजीआर व्हॉल्व्ह नवा बसवून घेतला होता, पण आठ दिवसांत लाइट परत लागला.

इथे थांबून विचार करा. ईजीआर उघडत नसेल तर सिलिंडरला ताजी हवा जास्तच मिळते. मग पिकअप का गेला? म्हणजे कोड एक सांगतोय आणि घाट दुसरंच सांगतोय. दोन्ही खरं मानलं तर दोघांच्या मुळाशी एकच गोष्ट असू शकते, ती म्हणजे व्हॅक्यूम. व्हॅक्यूमवरचा ईजीआर ओढ मिळाली तरच उघडतो. त्या गाडीच्या टर्बोची पातीही ओढ मिळाली तरच बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवायच्या बाजूला वळतात. ओढ कमी पडली की दोघंही ढिले.

मी व्हॅक्यूमच्या पाइपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून ओढ मोजणारा गेज लावला. इंजिन थंड होतं, काटा अगदी ठीक. इथेच बरेच जण पंपाला पास करून पुढे जातात. मी गेजचा पाइप लांब घेऊन तो केबिनमध्ये आणला आणि गाडी अर्धा तास फिरवली. इंजिन तापलं तसा काटा हळूहळू खाली आला. बॅटरीच्या ट्रेखाली पाइप पत्र्याला घासून पातळ झाला होता. थंड असताना रबर घट्ट, तापलं की चीर उघडायची. वीतभर पाइप बदलला, काम झालं. मालकाने व्हॉल्व्हवर घातलेले पैसे मात्र गेले ते गेलेच, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अशा बऱ्याच गाड्यांत ईजीआरमधून किती धूर गेला हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, थेट मोजत नाही, हेही लक्षात असू द्या. तो व्हॉल्व्ह उघडायला सांगतो आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरवर ताजी हवा कमी झाली का ते पाहतो. म्हणून तो सेन्सर मळलेला असला तरी दोष ईजीआरच्या नावावर लागतो.

उलटी तक्रारही येते : काळा धूर, आयडलिंगला थरथर, पिकअप नाही. तेव्हा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय का ते बघा. काजळी आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारं तेल मिळून डांबरासारखा थर होतो, त्यात व्हॉल्व्ह अडकतो. पण त्याआधी सोलेनॉइड, म्हणजे व्हॉल्व्हला व्हॅक्यूम देणारी-सोडणारी विजेवरची झडप, पाहा. व्हॅक्यूम सोडून देण्यासाठी त्याला बाहेरची हवा लागते, ती बारीकशा फिल्टरमधून येते. फिल्टर धुळीने बुजला तर ओढ सुटतच नाही आणि चांगला व्हॉल्व्हही उघडा राहतो.

व्हॅक्यूम देणारा, काटा असलेला हातपंप प्रत्येकाकडे हवाच. इंजिन आयडलिंगला ठेवा, ईजीआर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रबरी पडद्याला हातपंपाने ओढ द्या. इंजिन अडखळलं पाहिजे, कधी बंदही पडेल. काटा टिकला पण इंजिनावर काहीच फरक नाही, तर व्हॉल्व्ह जाम आहे किंवा वाट काजळीने बंद आहे. काटाच टिकत नाही, तर पडदा फाटलाय. तीच ओढ टर्बोच्या ॲक्चुएटरला, म्हणजे दांडीने पाती फिरवणाऱ्या डबीला, द्या. दांडी अडकत-अडकत नाही, सरळ सरकली पाहिजे. उंदराने कुरतडलेले पाइप तर आपण सगळेच पाहतो. ते हात फिरवून शोधा, नुसत्या नजरेने सापडत नाहीत.

गेजचा आकडा वाचताना गाव विसरू नका. समुद्रकिनारी हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, पुण्यात साधारण ७१०, महाबळेश्वरला ६५०च्या आतबाहेर. त्याहून जास्त ओढ कुठलाच पंप देऊ शकत नाही. मुंबईचा आकडा धरून महाबळेश्वरात पंप बदलायला निघालात, तर चांगला पंप काढून टाकाल.

मघाशी एकाने विचारलं, वाटेत पत्र्याचा तुकडा, म्हणजे पत्री, मारून ईजीआर बंदच केला तर? मी ते करत नाही. ज्वलनाचं तापमान वाढलं की नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. ते तापमान खाली ठेवण्यासाठीच ईजीआर आहे. डिझेल कारसाठी या वायूंची मर्यादा बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांमध्ये किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती ०.०८ झाली. सिग्नलला त्या गाडीच्या मागे स्कूटरवर कुणाचं तरी पोर बसलेलं असतं. चार रुपयांच्या पत्रीने ते त्याच्या छातीत भरायचं, हे मला पटत नाही.

आता ही समोरची गाडी सुरू करू. गेज टीला लावलाय, इंजिन अजून थंड आहे. काटा कुठे उभा राहतो तो आकडा वहीत टिपा. अर्ध्या तासाने पुन्हा बघायचाय.