गलातासरायचे कठडे

इस्तंबूलचा इस्तिकलाल रस्ता. शनिवार, दुपारचे बारा. लाल ट्राम घंटा वाजवत गर्दीतून वाट काढतेय. आणि हा गलातासराय चौक: २०१८ पासून लोखंडी कठडे लावून बंद.

कठड्यांपाशी उभ्या असलेल्या या बायकांना इथं 'शनिवारच्या आया' म्हणतात. हातात लाल कार्नेशनची फुलं आणि फोटो. फोटोतली माणसं पोलिसांनी, लष्करानं उचलून नेली. बहुतेक नव्वदच्या दशकात.

हा हसन ओजाक, शिक्षक. मार्च १९९५ मध्ये त्याला पकडलं. पोलीस म्हणाले, आमच्याकडे नाहीच. घरच्यांना तो सापडला बेवारशांच्या दफनभूमीत. २७ मे रोजी त्याची आई एमिने ओजाक आणि आणखी काही जण या चौकात येऊन बसले. घोषणा नाहीत, फलक नाहीत. दर शनिवारी नुसतं बसायचं.

तुर्कस्तानचा युरोपीय संघाकडे सदस्यत्वाचा अर्ज १९८७ चा. १९९९ मध्ये उमेदवारी मिळाली, २००५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. त्या काळात अंकारातल्या सरकारनं बरंच केलं, हे मान्य करायला हवं: फाशी रद्द झाली, राज्य सुरक्षा न्यायालयं गेली. २०११ मध्ये तर पंतप्रधान एर्दोआन स्वतः या आयांना भेटले. त्यांतल्या या बेर्फो किरबायीर, वय शंभरीपार. मुलगा जेमिल १९८० मध्ये कोठडीतल्या छळानं मेला, हे संसदीय समितीनं कबूल केलं. मृतदेह मिळाला नाही. २०१३ मध्ये बेर्फोही गेल्या.

सदस्यत्वाच्या वाटाघाटींची प्रकरणं, म्हणजे विषय, ३५. उघडली १६, मिटलं एक: विज्ञान आणि संशोधनाचं! न्याय आणि मूलभूत हक्कांचं २३ वं प्रकरण उघडलंच नाही. ते संघाचा सदस्य असलेल्या सायप्रसनं अडवलं. निर्वासितांना रोखण्यासाठी मात्र २०१६ मध्ये युरोपनं सहा अब्ज युरो देऊ केले.

२५ ऑगस्ट २०१८. आयांचा सातशेवा शनिवार. पाण्याचे फवारे, अश्रुधूर. पोलिसांच्या हातात एमिने ओजाक, वय ८२. शेजारी त्यांचंच नव्वदच्या दशकातलं छायाचित्र. तेव्हाही पोलीसच नेत होते.

२०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयानं चौकात जमण्यावरची ही बंदी हक्कभंग ठरवली. तरी त्या वर्षी पोलीस दर शनिवारी धरपकड करत राहिले. वर्षअखेरीस सवलत मिळाली: दहा जणांनी, कठड्यांबाहेर उभं राहून निवेदन वाचायचं.