वॉटसनच्या नावातला 'एच'

श्रोतेहो, नमस्कार. आज हेडकॅननबद्दल. मूळ कथेत, मालिकेत किंवा सिनेमात जे आलं, ते कॅनन. आलं नाही, पण चाहत्यानं मनाशी पक्कं धरलं, ते हेडकॅनन. पुन्हा सांगते: कथेत आहे ते कॅनन, मनात आहे ते हेडकॅनन.

आता हा किस्सा ऐकाच. शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन. 1887च्या पहिल्या कादंबरीत त्याचं नाव आहे जॉन एच. वॉटसन. हा 'एच' कशाचा, ते आर्थर कॉनन डॉयल यांनी कधीच सांगितलं नाही. आणि 1891च्या एका कथेत वॉटसनची बायको घरी आलेल्या मैत्रिणीसमोर नवऱ्याला चक्क 'जेम्स' म्हणते! लेखकाची नजरचूक, दुसरं काय. त्यांनी वॉटसनला लागलेली गोळीसुद्धा पहिल्या कादंबरीत खांद्यात आणि दुसरीत पायात घातली. पण चाहत्यांना 'नजरचूक' हे उत्तर कुठलं पचायला! डोरोथी सेयर्स, स्वतः नावाजलेल्या रहस्यकथाकार, त्यांनी तोडगा काढला. 'एच' म्हणजे हॅमिश. जेम्सचंच हे स्कॉटिश रूप. म्हणजे बायको मधल्या नावानं हाक मारते, एवढंच. जॉन खरा, जेम्स खरा, 'एच'ही मार्गी लागला, आणि मूळचं एक अक्षर खोडावं लागलं नाही. पुढे 2012 साली बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेत वॉटसन स्वतःच सांगतो, जॉन हॅमिश वॉटसन! त्या मालिकेत ते कॅनन झालं. त्या मालिकेपुरतंच हं. डॉयल यांच्या कथांत 'एच' अजून नुसता 'एच'च आहे.

तर हेडकॅनन रचायची कृती हीच. आधी कथेतली मोकळी जागा शोधा, मग आजूबाजूचे पुरावे, मग विरोधात जाणारी एखादी ओळ आहे का ते पाहा. नवा भाग आला की पुन्हा तपासा. उलटं निघालं तर कल्पना सोडा, किंवा जवळ ठेवा, पण फॅनफिक्शन, म्हणजे त्याच पात्रांवर चाहत्यानं रचलेली गोष्ट, लिहिताना सुरुवातीलाच तसं सांगा. (लेखकानं नंतर मुलाखतीत पुरवलेली माहिती? माझ्या मते तीही हेडकॅननच. सांगायचं होतं तर पुस्तकात सांगायचं!)

घोटाळा होतो तो कल्पना फार पसरली की. तिला मग फॅनॉन म्हणतात, आणि नवा वाचक तिलाच मूळ कथा समजून भांडायला उठतो. अशा वेळी आवाज चढवू नका, प्रकरण आणि पान विचारा.