आशाताईला वयाची अट कशासाठी?

(यवतमाळ जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयात १२ मे रोजी, परिचारिका दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी, आणि एवढ्या उन्हातून आलेल्या आयाबहिणींनो. कूलर बंद करू नका हो, राहू द्या. वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची माझी जुनी सवय आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्रौढ स्त्रिया आणि परिचर्या शिक्षण : अडचणी व उपाय’. उपायांकडे मी येणारच आहे. पण आधी आज जिची जयंती आहे, तिचं थोडं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८२० साली जन्मली. तिच्या फोटोला आपण हार घालतो, दिवा लावतो, पण ती नर्सिंग शिकायला गेली कधी हे मुलींना सांगत नाही. जर्मनीत कायझर्सवर्थला ती १८५१ साली गेली, वय ३१. घरच्यांचा कडक विरोध होता. तिच्या नावाची शाळा लंडनला १८६० साली निघाली, तेव्हा ती चाळिशीची होती. आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन काढलं. तिथून ज्या नर्सिंग शिकायला गेल्या त्यांत विधवा बायका होत्या. संसार बघितलेल्या बाईचा या पेशावर पहिल्यापासून हक्क आहे. तो कुणी नव्यानं द्यायचा नाहीये.

आता नियम ऐका. एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सबाईचा अभ्यासक्रम, त्याला बारावी पास लागते, कला शाखाही चालते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. वय १७ ते ३५. आणि आशाताई, म्हणजे गावात घरोघरी जाणारी आरोग्य स्वयंसेविका, तिची निवड करताना सरकार काय बघतं? गावातली लग्न झालेली, विधवा किंवा एकटी राहणारी बाई, वय २५ ते ४५. म्हणजे अडतिसाव्या वर्षी गावातलं बाळंतपण सांभाळायला तुम्ही लायक, आणि त्याच कामाचं रीतसर शिक्षण घ्यायला नालायक! सांगा, मागे बसलेल्या तायांनो, हा कुठला हिशोब? मी हे प्रत्येक व्यासपीठावरून बोलते. लोक म्हणतात, मॅडमचं तेच ते. असू द्या. जोवर बदलत नाही तोवर तेच ते.

आणि ज्या पस्तिशीच्या आत आहेत, त्यांचं तरी कुठं सोपं आहे? माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते. दारव्ह्याकडची. आशा म्हणून काम करायची, बारावी तिनं १७ नंबरचा, बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून काढली. कापूस वेचून आली की रात्री पुस्तक. मुलगा दहावीला, आई बारावीला, दिवा एक. सासू म्हणायची, “पोट्ट्याचा अभ्यास घे ना माय, तू काहून परीक्षा देऊन राहिली?” तरी पास झाली. मग सुरू झाले कागद.

टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जातीचा दाखला वडिलांच्या नावानं. बारावीच्या गुणपत्रिकेत आईच्या नावात एक अक्षर चुकलेलं. इथं माना हलताहेत म्हणजे सगळ्या या रस्त्यानं गेलेल्या आहात. तिला सांगितलं, लग्नाचा दाखला आणा. लग्न मांडवात झालेलं, नोंदणी कुठली? मग नोंदणी, मग नावबदलाचं राजपत्र, मग प्रतिज्ञापत्र. तिची प्राथमिक शाळा पटाअभावी बंद पडलेली. दाखलखारीज रजिस्टर दुसऱ्या गावच्या शाळेत गेलेलं, त्या शाळेचे गुरुजी निवडणुकीच्या ड्युटीवर. एका कार्यालयात तिला म्हणाले, उद्या या. उद्या साहेब दौऱ्यावर. दरवेळी एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. सोयाबीन काढणीचे दिवस होते, हे त्या खुर्चीवरच्या माणसाला माहीत नव्हतं असं नाही, तोही याच मातीतला.

शेवटी राहिलं गॅप सर्टिफिकेट. दहावी आणि बारावीमध्ये एवढी वर्षं गेली, त्याचं शपथपत्र. ते तयार छापलेलं मिळतं. या काळात मी कुठंही शिकत नव्हते, नोकरी करत नव्हते, घरी होते. तिनं माझ्यासमोर तो कागद धरला आणि विचारलं, “मॅडम, यात माह्या गृहभेटी कुठं लिहू?” मला आजही त्या प्रश्नाचा राग येतो, म्हणजे प्रश्नाचा नाही, कागदाचा. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. बाळाचं वजन घेते, ताप बघते, मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले तर रेफर करते. पावसाळ्यात नाला ओलांडून जाते. ही सगळी वर्षं शपथेवर ‘घरी होते’ म्हणून सही करायची. केली तिनं. दुसरं काय करणार? या कागदांच्या फेऱ्यांत प्रवेशाचं एक वर्ष गेलं. ती ३४ ची होती म्हणून वाचली. वर्षभरानं मोठी असती तर संपलं होतं.

वर्गात आली तेव्हा अठरा वर्षांच्या मुली तिला काकू म्हणायच्या. इंग्रजीची धास्ती होती, ती सगळ्यांनाच असते. शरीरशास्त्राचे शब्द ती देवनागरीत लिहून पाठ करायची. पण गणितात काय झालं ऐका. सलाइनच्या थेंबांचं गणित वर्गात नेहमी अडतं. ५०० मिली आठ तासांत द्यायचंय, सेटवर लिहिलंय एका मिलीला २० थेंब. मिनिटाला किती? विज्ञान शाखेच्या मुली वहीत डोकं घालून बसल्या. मी म्हटलं, फवारणीचं औषध १० लिटरला ८ मिली, तर १५ लिटरच्या पंपाला किती? तुम्ही सांगा बरं. बघा, मागून आलं, बारा! तिनंही असंच सांगितलं. मग म्हटलं, आता सलाइन कर. १०,००० थेंब, ४८० मिनिटं, जवळजवळ २१. झालं! जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. औषधाचं माप चुकलं, अंगावर उडालं तर काय होतं हे जिनं शेजारच्या घरात बघितलंय, तिला डोसचं गांभीर्य मी काय शिकवणार?

प्रसूतिकक्षाच्या ड्युटीतलं अजून एक सांगते. बाळंतीण झोपलीय असं सगळ्यांना वाटलं. हिनं पांघरूण बाजूला करून खालचा कपडा बघितला, भिजलेला. एका हातानं पोटावरून गर्भाशय चोळायला लागली आणि सिस्टरला हाक मारली. बाळंतपणानंतरच्या अशा रक्तस्रावात तास-दोन तासांत बाई हातची जाते. ती वाचली. पांघरूण बाजूला करून बघायची ही सवय पुस्तकातून यायला वर्षं लागतात. आशाताई ती घेऊनच वर्गात येते.

सचिवांची चिठ्ठी आलीय, आठची गाडी चुकेल म्हणून. बरं, उपाय भराभर सांगते.

एक. जीएनएमच्या, म्हणजे एएनएमच्या वरच्या नर्सिंग डिप्लोमाच्या नियमात ३५ ची अट आहे, पण एएनएम झालेल्या बाईला ती लागू नाही. म्हणजे कामाचा अनुभव वयाच्या वर धरायचा, हे भारतीय परिचर्या परिषदेनं मान्य केलेलंच आहे. तीच सूट एक पायरी खाली आणा. आशा म्हणून पाच वर्षं काम केलेल्या बाईला एएनएमला वयाची अट नको. नवीन काही मागत नाहीये. ग्रामसभेचा ठराव करा, जिल्हा परिषदेत द्या, आमदार भेटले की हातात द्या.

दोन. वयस्क बाईला जमेल का, असं विचारणाऱ्याला गडचिरोली दाखवा. ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली ते छापून आलं. तुमच्या त्या सहा गृहभेटी या कामातूनच देशभर गेल्या. एवढं केलेल्या बाईला शिकता येत नाही म्हणता?

तीन, कामाची वर्षं त्या गॅपच्या शपथपत्रात लिहायची सोय हवी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दाखल्यानिशी. आणि दोन वर्षं मानधन बुडतं, त्यासाठी विद्यावेतन. यावर खूप बोलायचं होतं, राहिलं. वसतिगृहात लेकुरवाळीची सोय, तेही राहिलं.

दहावी झालेल्यांनी बारावीचा १७ नंबरचा फॉर्म यंदाच भरा. कागद आत्तापासून जमवा, परीक्षा पास झाल्यावर नको. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात. उघडल्या की पहिल्या आठवड्यात टीसीची दुसरी प्रत मागा आणि आईचं नाव अक्षर न अक्षर तपासून घ्या. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत होते, जोडीनं जा. आठच्या गाडीच्या बाया निघा आता. बाकीच्यांना फॉर्मचं विचारायचं असेल तर इकडे टेबलापाशी या, चहा होईपर्यंत मी आहे.