साठीनंतरचा मेडिक्लेम: आधी खोलीभाडं बघा

रुग्णालयाचा टीपीए डेस्क, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणारं काउंटर. डिस्चार्जचे कागद तयार, पेशंट कधीचे कपडे बदलून बसलेत, आणि मुलगा काउंटरवर वाद घालतोय: पाच लाखांचा विमा आहे, मग एवढे पैसे आम्ही का भरायचे?

कारण पॉलिसीतच छापलंय. ‘खोलीभाडं: विमा रकमेच्या 1 टक्का’. म्हणजे दिवसाला 5,000 रुपये. यांनी घेतली 8,000ची खोली. वाटलं, रोजचे वरचे तीन हजार आपण भरू. पण कात्री तिथे थांबत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, सगळं त्याच हिशोबाने कापलं जातं, आठाला पाच. या खर्चाचे 1,60,000 झाले, तर मान्य होतात 1,00,000. त्यावर 20 टक्के को-पे, म्हणजे मान्य रकमेतला आपण भरायचा वाटा. कंपनी देणार 80,000. बरोबर निम्मे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या प्रमाणशीर कपातीतून सुटतात, तेवढाच दिलासा.

ज्येष्ठांच्या योजनांमध्ये को-पे सर्रास असतो, आणि तो इतका वाईटही नाही. आपला वाटा किती, हे निदान आधी कळतं. खोलीभाड्याच्या मर्यादेचा फटका मात्र बिल हातात पडेपर्यंत कळत नाही. दोन्हींतली एकच अट टाळता येत असेल, तर खोलीभाड्याची टाळा, प्रीमियम थोडा जास्त बसला तरी.

एप्रिल 2024 पासून विमा कंपन्यांना सगळ्या वयोगटांसाठी योजना ठेवाव्या लागतात. पासष्टी उलटली म्हणून दार बंद, असं आता नाही. पण तुमचा प्रस्ताव स्वीकारायचा की नाही, हे कंपनी तुमची तब्येत बघूनच ठरवते. आधीपासूनच्या आजारांचा क्लेम करायला थांबावं लागतं, जास्तीत जास्त 36 महिने. आधीची पॉलिसी पोर्ट केली, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेली, तर जुन्या पॉलिसीत काढलेला काळ जुन्या विमा रकमेपुरता धरला जातो. म्हणून जुनी पॉलिसी रागाच्या भरात बंद पाडू नये.

आणि एजंट म्हणतो, “काका, शुगरचं लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल.” लिहा. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली, की माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पण त्याआधीच दवाखान्यात जायची वेळ आली, तर एजंटचं ते बोलणं कुठेही लिहिलेलं नसतं.

प्रीमियम दरवर्षी चढतो, तो प्रश्न आहेच. जानेवारी 2025 पासून साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी आयआरडीएआय या विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते.

नवी पॉलिसी हातात आली, की परत करायला 30 दिवस असतात. तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांचा प्रीमियम वजा होऊन बाकी पैसे मिळतात. खोलीभाड्याचं पान त्या 30 दिवसांत वाचून घ्या.