प्लेऑफच्या तोंडावर गोलकीपर घेताना

नमस्कार, श्रोतेहो. आज हॉकी, पण मैदानावरची नव्हे. उत्तर अमेरिकेतली बर्फावरची हॉकी, एनएचएल. तिथं मार्चच्या सुमारास ट्रेड डेडलाइन, म्हणजे संघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख, येते. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत सौदा झाला तर झाला. त्यानंतर घेतलेला खेळाडू त्या मोसमात बर्फावर उतरू शकत नाही. आणि दर वर्षी एखाद्या तरी संघाची अडचण तीच असते: बाकी सगळं जमलंय, गोलात माणूस नाही.

आधी एक साधा हिशेब. सामन्यात तीस फटके गोलावर येतात असं धरा. एक गोलकीपर शंभरातले ८८ अडवतो, दुसरा साडेनव्वद. फरक अडीच फटक्यांचा. पण चार सामन्यांत फटके होतात १२०. पहिला त्यात साधारण चौदा गोल खातो, दुसरा अकरा. म्हणजे चार सामन्यांत तीन गोल वाचले. प्लेऑफच्या फेरीत चार सामने जिंकायचे असतात आणि कित्येक सामने एका गोलानं सुटतात. या तीन गोलांसाठीच संघ ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, पहिल्या फेरीची निवड देऊन बसतात.

आता गोष्ट २००६ सालची, एडमंटनची.

एडमंटन ऑयलर्सकडे ख्रिस प्रॉन्गरसारखा बचावपटू होता, पण गोल राखायला तिघं आळीपाळीनं उभे राहत होते: टाय कॉंक्लिन, युसी मार्कानेन, माइक मॉरिसन. तिघंही शंभरात ८८च्या आसपास. डेडलाइनच्या आदल्या दिवशी, ८ मार्चला, जनरल मॅनेजर केविन लो यांनी मिनेसोटाकडून ड्वेन रोलोसनला घेतलं. वय ३६. किंमत पहिल्या फेरीची एक निवड आणि वर अटीवर एक तिसऱ्या फेरीची. करार त्याच उन्हाळ्यात संपणारा. त्या मोसमात मिनेसोटाकडून त्याच्या नावावर ६ विजय होते आणि १७ पराभव. कागदावर हा सौदा महागच दिसत होता.

पण लक्षात घ्या, जिंकणं-हरणं गोलकीपरच्या नावावर लिहिलं जातं, ते करतो मात्र अख्खा संघ. पुढची फळी गोल करत नसेल तर मागचा बिचारा काय करणार? फटके पाहा, विजय पाहू नका. पुन्हा सांगतो: फटके पाहा, विजय पाहू नका. शंका घ्यायचीच तर उलट बाजूनं घ्यावी. मिनेसोटाचे प्रशिक्षक जॅक लमेर बचावाला घट्ट बांधून खेळवत. तिथं गोलकीपरसमोर सोपे फटके जास्त येतात आणि आकडा फुगतो. म्हणून फटका कुठून आला तेही मोजावं लागतं: लांबून ब्लू लाइनवरून, की गोलाच्या पुढ्यातून, की आडव्या पासवर.

एडमंटन आठवा नंबर गाठून प्लेऑफमध्ये शिरलं. समोर पहिला नंबर, डेट्रॉइट, १२४ गुणांचा संघ. सहा सामन्यांत डेट्रॉइट घरी. मग सॅन होजे. पहिले दोन सामने गेले. तिसरा तिसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत ताणला आणि शॉन हॉर्कॉफनं सोडवला. तेही सहात. मग अनाहाइम, पाचात. रोलोसन प्रत्येक सामन्यात गोलात. बारा विजय, पाच पराभव.

५ जून, रॉली शहर, अंतिम फेरीचा पहिला सामना, समोर कॅरोलायना. एडमंटन ३-० पुढे. त्यातला एक गोल प्रॉन्गरचा, पेनल्टी शॉटवर, म्हणजे फक्त गोलकीपर समोर असताना एकट्यानं घ्यायच्या फटक्यावर. स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीच्या इतिहासातला पेनल्टी शॉटवरचा तो पहिला गोल. (पेनल्टी शॉट हा बर्फावरच्या हॉकीतला सर्वांत सुंदर क्षण. पण त्याच्यावर सामने निकालात काढायची शूटआउटची पद्धत बंदच व्हावी असं माझं ठाम मत आहे.) तर, कॅरोलायना उलटलं आणि ४-४ झालं. शेवटची सहा मिनिटं. कॅरोलायनाचा अँड्र्यू लॅड वेगानं गोलाकडे घुसला. मागून एडमंटनच्याच बर्जरॉननं त्याला ढकललं आणि लॅड सरळ रोलोसनवर जाऊन आदळला. गुडघा गेला. मोसम संपला.

आत आला कॉंक्लिन. त्या वसंतात प्लेऑफचं एक मिनिटही तो खेळला नव्हता. अर्धं मिनिट उरलं असताना पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, गोलामागच्या कठड्याकडे आला. कॉंक्लिन तो थांबवायला बाहेर गेला आणि कर्णधार जेसन स्मिथकडे सरकवला. दोघांचं जुळलं नाही. पक स्मिथच्या काठीवरून उसळून गोलाच्या पुढ्यात आला. गोल मोकळा. रॉड ब्रिंडामूरनं हलकेच आत ढकलला. ५-४.

हे असं का होतं? गोलामागे पक थांबवताना गोलकीपरची पाठ मैदानाकडे असते. मागून कोण येतंय ते त्याला दिसत नाही, बचावपटूनं ओरडून सांगावं लागतं: सोड, पलीकडे दे, उलट फिरव. या हाका प्रत्येक संघाच्या वेगळ्या, आणि त्या सरावानं नव्हे तर सामन्यांनीच अंगात मुरतात. नव्या माणसालाही त्याच शिकाव्या लागतात. डेडलाइननंतर जेमतेम पाच-सहा आठवडे मिळतात. म्हणून शक्य असेल तर सौदा जानेवारीतच करावा. याच रोलोसनला टॅम्पा बेनं १ जानेवारी २०११ला घेतलं. वय ४१, मोबदला फक्त टाय विशार्ट नावाचा तरुण बचावपटू. त्या वर्षी टॅम्पा कॉन्फरन्स फायनलच्या, म्हणजे अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीच्या, सातव्या सामन्यापर्यंत गेलं आणि बॉस्टनकडून ०-१ असं हरलं.

एडमंटनचं पुढे काय झालं? दुसऱ्या सामन्यापासून मार्कानेन उभा राहिला. पहिल्याच दिवशी ०-५ मार, पण पुढे त्यानं सहाव्या सामन्यात एकही गोल जाऊ दिला नाही. फेरी सातव्या सामन्यापर्यंत गेली, १९ जूनला ३-१ असं कॅरोलायना जिंकलं.

फोन उचलण्याआधी पगाराचंही पाहा. सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, जागा नसेल तर विकणाऱ्या संघाला निम्म्यापर्यंत पगार स्वतःकडे ठेवायला सांगता येतं. त्याची किंमत निवडीत मोजावी लागते. करारात बदलीला नकार द्यायचा हक्क असेल तर आधी खेळाडूला विचारा. मग त्याच्या शेवटच्या पंधरा-वीस सामन्यांतले गोल एकेक करून पाहा. पक छातीवरून पुढ्यात सांडतो का? आडव्या पासवर पॅड बर्फावर वेळेत येतं का? समोर गर्दी असताना तो वाकून बघतो की आंधळा खाली बसतो? (हे कधी रिंकवर जाऊन पाहणार असाल तर मधलं महागडं तिकीट घेऊ नका, गोलाच्या मागे बसा.)

आणि दुसऱ्या नंबरचा माणूस. नवा आला की जुन्याला बाकावर बसवून विसरतात. डेडलाइन ते प्लेऑफ या काळात त्याला दर चार-पाच सामन्यांमागे एक पूर्ण सामना द्या, त्याच बचावफळीसोबत, त्याच हाकांसह. एडमंटनला हे परवडलं नाही: ते तेव्हा शेवटच्या आठवड्यापर्यंत आठव्या नंबरसाठी झगडत होतं, एकेका गुणासाठी रोलोसनलाच उतरवावं लागत होतं.